काचेवर ठेवून

पेटी फोडली तेव्हा बाराच्या बारा देखण्या होत्या,
ओल्या म्हशीच्या पाठीसारखा काळा रंग.
पेटीवर नंबर होता, किंमत होती,
गाव नव्हतं.
आमच्याकडं पाटीवरच्या अक्षरांवरून दुकानं बंद पडतात
आणि ही पेटी कुठल्याच गावची नाही.

भरमाण्णा मुचंडीकर सायकलवरून आले,
कॅरिअरला गोणपाटात बांधलेली काच,
बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानातली, बोटभर जाड.
कोपऱ्यात अजून केशरी रंगातला
'पेढे'मधला 'ढे' शिल्लक.

उद्यमबागेत तीस वर्षं फाउंड्रीत काढली,
कान तिथंच ठेवून आले.
मी तोंड मोठं करून सांगते:
होसमनीची पिकअप. रोज पहाटे चोर्ल्यातून गोव्याला,
कोबी न् ढबू मिरची.
टॅपेट कव्हर वाकलंय, तेल सायलेन्सरवर पडतंय, वास मारतोय.
ते माझ्या ओठांकडं बघतात,
मग मालाकडं.

कव्हर काचेवर पालथं. एका कोपऱ्यावर अंगठा.
टक.
दुसऱ्या कोपऱ्यावर. टक.
फटीत गेजची पाती सरकवली, लोण्यात सुरी जावी तशी गेली.
"पाच शतांश अडकायला पायजे. हितं दहा आरामात जातंय.
पाती जातीया म्हंजे तेल बी जाणार की."
पाच नग तिथंच बाजूला.

मग नखानं रंग खरवडला.
"रंग कशाला मारत्यात ठावं हाय?
थंडी वाजली की माणूस शाल घेतो.
चोर बी घेतो."

उरलेल्यांना बाहेरून खडूचं पाणी फासलं,
आत रॉकेल ओतून ठेवलं.
चहा झाला, दुसरा झाला, वीज गेली, आली.
दोन पांढऱ्या पाठींवर ओला ठिपका उठला,
तांदळात सोंडा दिसावा तसा,
एक दिसला की मग नजर दुसरा शोधतेच.

एकाला उलटं धरून वहीच्या पानावर आपटलं.
आतल्या पत्र्यामागून पाच कण वाळू.
त्यांनी ते मोजले. परत मोजले.
"हे मीठ न्हवं, बाई. हे कॅम खातंय."

राहिले चार.
"आता तू वाजव," म्हणाले.
तारेला टांगलं, दहाच्या पान्यानं हळूच टोला.
पहिलं पितळी पेल्यासारखं, लांबपर्यंत.
दुसरं तसंच. तिसरंही.
चौथं वाजलं आणि लगेच गप्प झालं,
खापरासारखं.

भरमाण्णांचे डोळे माझ्या तोंडावर.
त्यांच्या जगात त्या क्षणी आवाज नव्हता,
फक्त मी होते.
अकराशेला एक नग. भिशीचे पैसे.
मान उभी हलवली असती
तर काम मिटलं असतं.
होसमनीला काय कळणार, घाटात,
पहाटे चारच्या धुक्यात?

मी मान आडवी हलवली.

"बेडा," ते म्हणाले.
पैशाचं बोलणं त्यांचं मराठीत असतं,
लोखंडाचं कन्नडमध्ये.

संध्याकाळी शिवलिंग होसमनी आला,
कानाडी हेलात म्हणाला, "ते चकाचक दे की, ताई."
मी रंग खरवडलेलं दिलं.
त्यानं तोंड वाकडं केलं, दीडशे रुपये कमी दिले.

भरमाण्णांनी पैसे घेतले नाहीत,
काच पुसली, 'ढे' सोडून,
गोणपाटात गुंडाळून नेली.

आठ नग परत पाठवायचे. घेतील की नाही, माहीत नाही.
नववा तारेलाच राहिला.
शटर ओढायच्या आधी, कोणी नसताना,
मी परत एकदा पाना मारला.
तसंच. खापर.
बरं वाटलं, आपण चुकलो नव्हतो म्हणून,
आणि अकराशे रुपये
तेवढेच दुखले.